टेकडीवरचे वृत्तपत्र : हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची पत्रकारिता आणि सांस्कृतिक जीवन

प्रस्तावना

महाविद्यालयीन नियतकालिक म्हटले की आपल्यापुढे एक ठरीव चित्र उभे राहते. आरंभी संस्थाचालकांची छायाचित्रे, त्यानंतर प्राचार्यांचे मनोगत, मग मराठी, हिंदी, इंग्रजी अशा विभागांत वाटलेल्या कविता व लेख आणि अखेरीस विविध समित्यांचे अहवाल. प्रस्तुत लेखिकेने अशा एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर चार वर्षे काम केले. त्या काळात वसतिगृहातील पाण्याविषयी एका विद्यार्थिनीने लिहिलेला दीड पानांचा लेख अंकातून वगळण्यात आला. लेखात चुकीचे असे काही नव्हते. तो अंकाच्या स्वरूपाशी सुसंगत नाही, एवढेच कारण इतिवृत्तात नोंदवले गेले आणि त्या नोंदीखाली प्रस्तुत लेखिकेचीही स्वाक्षरी आहे.

विद्यार्थी काय लिहू शकतो, कोणाच्या पैशाने लिहितो आणि त्याचे लिहिणे थांबवण्याचा अधिकार कोणाला असतो, हे प्रश्न त्या प्रसंगापासून पाठ सोडीनात. त्यांचा शोध घेताना अमेरिकेतील हॉवर्ड विद्यापीठाच्या 'द हिलटॉप' या विद्यार्थी-वृत्तपत्राचा इतिहास हाती आला. २०२४ साली या वृत्तपत्राला शंभर वर्षे पूर्ण झाली. आपल्याकडे हॉवर्डचे नाव ऐकले की पुष्कळांना ते हार्वर्डच वाटते. दोन्ही संस्थांत साम्य आहे ते नावाच्या उच्चारापुरते. प्रस्तुत लेखात हॉवर्डमधील विद्यार्थी-पत्रकारितेचा आणि तिच्याभोवती वाढलेल्या सांस्कृतिक जीवनाचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. शंभर वर्षांचा क्रमवार इतिहास सांगण्याचा हेतू नाही. काही प्रसंगांपाशी थांबून ते जवळून पाहावेत, एवढाच आहे.

संस्थेची जडणघडण

अमेरिकन यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. मुक्त झालेल्या लक्षावधी कृष्णवर्णीयांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने एक स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. त्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड यांच्या नावाने १८६७ साली वॉशिंग्टन येथे हे विद्यापीठ सुरू झाले. शहराच्या उत्तरेकडील एका उंचवट्यावर ते वसले आहे. विद्यार्थ्यांच्या बोलण्यातली 'टेकडी' ती हीच, आणि वृत्तपत्राचे नावही तिच्यावरूनच आले.

या विद्यापीठाच्या अर्थव्यवहाराचे एक वैशिष्ट्य आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढील जवळजवळ प्रत्येक संघर्षाच्या मुळाशी ते आहे. १८७९ पासून अमेरिकेची काँग्रेस या विद्यापीठाला अनुदान देत आली आणि १९२८ साली त्यासाठी कायदेशीर तरतूदही झाली. म्हणजे वंशविभेदाचे कायदे उराशी बाळगणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचे प्रतिनिधी ज्या सभागृहात बसत, त्याच सभागृहापुढे कृष्णवर्णीयांच्या सर्वांत नामांकित विद्यापीठाला दरवर्षी हात पसरावा लागे. विद्यापीठाचे अध्यक्षपदही १९२६ पर्यंत गौरवर्णीयांकडेच होते. त्या वर्षी मॉर्डेकाय जॉन्सन हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले.

'द स्टायलस' आणि 'द हिलटॉप'

हॉवर्डमधील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अलेन लॉक आणि त्यांचे सहकारी मॉन्टगोमेरी ग्रेगरी यांनी १९१६ साली 'द स्टायलस' नावाचे साहित्य मंडळ स्थापन केले व त्याच नावाचे नियतकालिक काढले. मंडळात प्रवेश मिळवण्यासाठी लेखन सादर करून ते निवडले जावे लागे. कृष्णवर्णीयांच्या जीवनातून व लोकपरंपरेतून स्वतंत्र साहित्य निर्माण झाले पाहिजे, ही लॉक यांची भूमिका होती. ग्रेगरी यांनी नाट्यशिक्षणाचा पाया घातला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'हॉवर्ड प्लेयर्स' या नाट्यसंस्थेने पुढे १९४९ साली नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडन या देशांचा दौरा करून तेथे इब्सेनचे नाटक सादर केले. इब्सेनच्याच देशात जाऊन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी इब्सेन करावा, यात त्या पिढीचा आत्मविश्वास दिसतो.

'द स्टायलस'च्या मे १९२१ च्या अंकात एका विद्यार्थिनीची पहिली कथा प्रसिद्ध झाली. ही विद्यार्थिनी म्हणजे झोरा नील हर्स्टन. फ्लोरिडातील ईटनव्हिल या संपूर्णतः कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या व चालवलेल्या गावात त्या वाढल्या. आई लहानपणीच गेली, शिक्षण तुटले. पुढे ते नव्याने सुरू करण्यासाठी त्यांनी आपले वय दहा वर्षांनी कमी सांगितले आणि तीच थाप जन्मभर निभावली. वॉशिंग्टनमध्ये दिवसा केशकर्तनालयात ग्राहकांची नखे रंगवण्याचे काम आणि उरलेल्या वेळात अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. त्या दुकानाचा मालक कृष्णवर्णीय होता. ग्राहक मात्र सगळे गौरवर्णीय, त्यांत राजकारणी आणि वार्ताहरही असत. राजधानीतल्या बातम्या कशा जन्माला येतात, हे त्यांना तेथे बसल्याबसल्या ऐकायला मिळाले असणार.

२२ जानेवारी १९२४ रोजी हर्स्टन यांनी सहाध्यायी लुई यूजीन किंग यांच्यासह 'द हिलटॉप' सुरू केले. नाव हर्स्टन यांनीच सुचवले. त्या वेळी त्यांना तेहतिसावे वर्ष संपून काहीच दिवस झाले होते, याची कल्पना बहुधा कोणालाच नव्हती. किंग पुढे मानववंशशास्त्राकडे वळले. हर्स्टन यांनीही न्यूयॉर्कमधील बर्नार्ड महाविद्यालयात फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली तेच शास्त्र अभ्यासले. एका विद्यार्थी-वृत्तपत्राचे दोन्ही संस्थापक माणसांच्या रीतिभाती नोंदवणाऱ्या शास्त्राकडे जावेत, हा योगायोग असेलही. पण ऐकण्याची व टिपून ठेवण्याची सवय दोन्ही कामांना लागतेच.

'द स्टायलस' आणि 'द हिलटॉप' यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिले प्राध्यापकांच्या प्रेरणेने निघाले, त्याचा भर सर्जनशील लेखनावर होता. दुसरे विद्यार्थ्यांनी काढले आणि त्याचा विषय बातमी हा होता. आपल्या महाविद्यालयांत कवितेला जागा सहज मिळते. प्रेमभंगाची असो वा क्रांतीची, कवितेमुळे कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. बातमीला मात्र उत्तर द्यावे लागते. ज्या संस्थेत केवळ पहिल्या प्रकारचे नियतकालिक आहे, तेथे विद्यार्थ्यांची अभिव्यक्ती आहे असे म्हणता येईल. पत्रकारिता आहे असे म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी, टेनेसीतील फिस्क विद्यापीठात

हा भेद कल्पनेतला नाही, याचे प्रत्यंतर १९२४ सालीच दुसऱ्या एका कृष्णवर्णीय विद्यापीठात आले. नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाच्या 'फिस्क हेरल्ड' या विद्यार्थी-नियतकालिकाचे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे एकेकाळी संपादक होते. १८८८ साली ते तेथून पदवीधर झाले. त्यानंतर तीन दशकांनी तेथील गौरवर्णीय अध्यक्ष फेएट मॅकेन्झी यांनी देणगीदारांचा विश्वास संपादन करण्यासाठी शिस्तीचा बडगा उगारला. विद्यार्थी परिषद मोडीत निघाली, 'हेरल्ड' बंद पडले. पोशाखापासून ते मुलामुलींच्या एकत्र फिरण्यापर्यंत सर्वत्र निर्बंध आले. दहा लाख डॉलरचा निधी मात्र जमला.

जून १९२४ मध्ये मुलीच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने ड्यू बॉइस फिस्कमध्ये आले आणि माजी विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी मॅकेन्झी यांच्या कारभारावर उघड टीका केली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी 'फिस्क हेरल्ड' न्यूयॉर्कमधून पुन्हा काढायला सुरुवात केली. विद्यापीठाच्या आवारात जे छापता येत नाही ते आवाराबाहेर छापायचे, हा मार्ग छप्पन्न वर्षांच्या माजी संपादकाने विद्यार्थ्यांना घालून दिला. फेब्रुवारी १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली तेव्हा अध्यक्षांनी आवारात पोलीस बोलावले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. एप्रिलमध्ये मॅकेन्झी यांना राजीनामा द्यावा लागला.

पाठोपाठ मे १९२५ मध्ये हॉवर्डचे विद्यार्थीही संपावर गेले. सक्तीच्या लष्करी कवायतीला गैरहजर राहणाऱ्यांवरील कारवाई हे निमित्त होते, अध्यक्ष जे. स्टॅन्ली डर्की यांच्या एकूण वागणुकीविषयीचा राग हे कारण होते. त्याच वर्षी डर्की यांच्या कारकिर्दीत अलेन लॉक यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लॉक यांनी संपादित केलेला 'द न्यू नीग्रो' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्याला हार्लेम प्रबोधनाचा जाहीरनामा मानले जाते. 'द स्टायलस'मधून पुढे आलेल्या हर्स्टन यांची एक कथा त्यात आहे. लॉक १९२८ साली हॉवर्डला परतले.

गाण्याचा प्रश्न

सांस्कृतिक जीवन म्हणजे स्नेहसंमेलन नव्हे, हे समजून घेण्यासाठी हॉवर्डमधील एक वाद उद्बोधक आहे. गुलामगिरीच्या काळात जन्मलेली भक्तिगीते, ज्यांना 'स्पिरिच्युअल्स' म्हटले जाते, ती गाण्यास विसाव्या शतकाच्या आरंभी हॉवर्डचे विद्यार्थी वेळोवेळी नकार देत. गौरवर्णीय पाहुणे आले की मुलांनी उठून 'जुनी गाणी' म्हणून दाखवावीत, अशी अपेक्षा असे. ज्या गीतांमध्ये त्यांच्या आजोबा-पणजोबांचे दुःख साठलेले होते, ती पाहुण्यांच्या करमणुकीची वस्तू झाली होती. न गाण्यात विद्यार्थ्यांना स्वाभिमान वाटत होता.

हर्स्टन यांनी सप्टेंबर १९२५ मध्ये 'द मेसेंजर' या मासिकात हॉवर्डमधील अशांततेविषयी लेख लिहिला आणि त्यात या वादाचाही परामर्श घेतला. विद्यार्थ्यांची बाजू त्यांना सर्वस्वी मान्य नव्हती. डर्की यांच्याविषयीही त्या अनेकांपेक्षा सौम्यपणे लिहितात. ईटनव्हिलच्या दुकानाच्या ओसरीवर कथा-गाणी ऐकत वाढलेल्या या लेखिकेला स्वतःच्या लोकपरंपरेची लाज वाटत नव्हती. प्रस्तुत लेखिकेचे मत विचाराल तर या वादात दोन्ही पक्ष खरे होते. गाणे तेच, पण ते कोण मागतो आणि कोणापुढे म्हणायचे, यावर त्याचा अर्थ बदलतो. आपल्याकडे जातीने लादलेल्या वाद्यांविषयी व कलांविषयी आंबेडकरी चळवळीत झालेली चर्चा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रश्नाची धार वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरीकडे आवारातील सामाजिक जीवनाला एक झगमगीत बाजूही होती. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या नऊ प्रमुख संघांपैकी पाच हॉवर्डमध्येच १९०८ ते १९२० या काळात स्थापन झाले. लिंकन विद्यापीठाशी होणारा फुटबॉल सामना, माजी विद्यार्थ्यांचा 'होमकमिंग' सोहळा, त्यातील राणीची निवड, मेजवान्या, पोशाख यांना मोठे महत्त्व असे. हॉवर्डमध्येच अध्यापन करणारे समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५० च्या दशकात 'ब्लॅक बूर्झ्वाझी' या ग्रंथात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या या दिखाऊपणावर आणि त्याला खतपाणी घालणाऱ्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांवर कठोर टीका केली. विद्यार्थी-वृत्तपत्राला या दोन्ही प्रवाहांतून वाट काढायची होती. मेजवानीची बातमी वाचकाला हवी असे. तिच्याशिवाय अंक खपला नसता.

दोन संपादक

१९३४ सालची गोष्ट. अमेरिकेच्या संसदभवनातील उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ऑस्कर डी प्रीस्ट हे त्या काळी काँग्रेसमधील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते. त्यांनी याविरुद्ध आवाज उठवला होता. त्या वर्षी हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन निदर्शने केली. त्यांचे नेतृत्व करणाऱ्यांत केनेथ क्लार्क हा तरुण होता. 'द हिलटॉप'च्या संपादकपदाची धुराही त्याने त्या विद्यार्थिदशेतच सांभाळली.

विद्यापीठाच्या प्रशासनाची अवस्था कठीण झाली. ज्या काँग्रेसकडून अनुदान यायचे, तिच्याच दारात आपल्या विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला होता. विद्यार्थ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याचे घाटू लागले. त्या वेळी राज्यशास्त्राचे तरुण प्राध्यापक राल्फ बंच शिस्तपालन समितीत विद्यार्थ्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, असे क्लार्क यांनी पुढे सांगितले आहे. बंच यांना १९५० साली नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, हे सर्वश्रुत आहे. एका विद्यापीठीय समितीच्या बैठकीत त्यांनी घेतलेली भूमिका फारशी कोणाला ठाऊक नसते. समितीच्या बैठकीत बोलणे किती अवघड असते, हे आपण सारे प्राध्यापक जाणतो. क्लार्क पुढे मानसशास्त्रज्ञ झाले. त्यांनी व त्यांच्या पत्नी मेमी यांनी बाहुल्यांच्या साहाय्याने लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांचा संदर्भ १९५४ च्या 'ब्राऊन' खटल्यात आला आणि सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशविभेद घटनाबाह्य ठरवला. मेमी यांच्याशी त्यांची भेटही हॉवर्डमध्येच झाली होती.

आता १९६६ कडे येऊ. तेव्हाचे अध्यक्ष जेम्स नॅब्रिट हे स्वतः नागरी हक्कांच्या खटल्यांत लढलेले नामवंत वकील. त्यांनी हॉवर्डमधील गौरवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण १९७० पर्यंत साठ टक्क्यांपर्यंत नेण्याची मनीषा व्यक्त केल्याचे वृत्त सप्टेंबर १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. समाजशास्त्राचे प्राध्यापक नेथन हेअर यांनी 'द हिलटॉप'ला पत्र लिहून या कल्पनेची खिल्ली उडवली. प्राध्यापकाने आपले मत मांडण्यासाठी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा आश्रय घ्यावा, ही बाब लक्षणीय आहे. पुढच्याच वर्षी हेअर यांची सेवा संपुष्टात आली. १९६८ साली ते सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात गेले. कृष्णवर्णीय अभ्यास या विषयाची तेथे आखणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्याच प्रश्नावर तेथे अनेक महिने चाललेला विद्यार्थ्यांचा संप झाला. हॉवर्डने ज्यांना घालवले, त्यांनी दुसरीकडे एक ज्ञानशाखा उभी केली.

ऑक्टोबर १९६६ मध्येच होमकमिंगच्या राणीची निवड होती. आजवर गोऱ्या सौंदर्यकल्पनेच्या जवळ जाणारी, उजळ वर्णाची, केस सरळ केलेली तरुणी निवडून येत असे. या वेळी रॉबिन ग्रेगरी ही विद्यार्थिनी आपले नैसर्गिक कुरळे केस तसेच ठेवून निवडणुकीस उभी राहिली. निकालाच्या रात्री सभागृहातील दिवे मंदावले आणि पडद्यावर प्रथम दिसली ती केसांच्या गोल वलयाची सावली. चेहरा दिसण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना निकाल कळला. पुढे इतिहासलेखिका म्हणून नाव मिळवलेल्या पॉला गिडिंग्ज यांनी या क्षणाची आठवण सांगितली आहे. सभागृहातील जल्लोष मिरवणुकीच्या रूपाने रस्त्यावर उतरला. वर ज्या सोहळ्याला झगमगीत म्हटले, त्याच्याच चौकटीत हे घडले, हे विसरता कामा नये.

मार्च १९६८ मध्ये विद्यापीठाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी व्यत्यय आणला. एकोणचाळीस विद्यार्थ्यांवर शिस्तभंगाची नोटीस निघताच १९ मार्च रोजी विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला. अभ्यासक्रमाला कृष्णवर्णीयांच्या जीवनाशी जोडावे, विद्यार्थ्यांचा सहभाग असलेली न्यायव्यवस्था असावी, अध्यक्षांनी राजीनामा द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. इमारतीत शेकडो विद्यार्थी राहिले. दूरध्वनी केंद्रही त्यांनीच चालवले. आंदोलनाच्या प्रमुख नेत्यांपैकी एक होत्या 'द हिलटॉप'च्या संपादक एड्रियन मॅन्स. विश्वस्त मंडळाच्या वतीने वाटाघाटींसाठी जे पुढे आले, त्यांत होते केनेथ क्लार्क.

म्हणजे चौतीस वर्षांपूर्वी ज्याला विद्यापीठातून काढून टाकण्याचे घाटत होते तो संपादक टेबलाच्या एका बाजूला आणि त्याच वृत्तपत्राची तत्कालीन संपादक दुसऱ्या बाजूला. २३ मार्च रोजी तडजोड होऊन विद्यार्थी बाहेर आले. राजीनाम्याची मागणी मान्य झाली नाही. इतर काही बाबतींत विश्वस्तांनी आश्वासने दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'कृष्णवर्णीय विद्यापीठ कसे असावे' या विषयावर हॉवर्डमध्ये मोठी परिषद भरली. मॅन्स पुढे इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या.

येथे एक शंका उपस्थित होते. वृत्तपत्राच्या संपादकाने आंदोलनाचे नेतृत्व करावे काय? पत्रकारितेच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे उत्तर नकारार्थी आहे आणि प्रस्तुत लेखिकेलाही ते सर्वसाधारणपणे पटते. पुढारी आणि वार्ताहर एकच असला की वाचकाला दुसरी बाजू कळत नाही. तथापि ज्या समाजाला मुख्य प्रवाहातील वृत्तपत्रांत गुन्ह्याच्या बातमीखेरीज स्थान नव्हते, त्याच्या वृत्तपत्रांना तटस्थतेची चैन परवडण्यासारखी नव्हती, हेही मान्य करावे लागते. १९६८-६९ च्या सुमारास गौरवर्णीयांचे बहुमत असलेल्या विद्यापीठांतही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःची पत्रे काढली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील 'नोमो' आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील 'ब्लॅक इंक' ही त्यांपैकी दोन. तेथे अधिकृत विद्यार्थी-वृत्तपत्र आधीच होते. प्रश्न होता तो त्यात आपण कोठे आहोत, हा.

महाराष्ट्राशी दुवे

हॉवर्डचे आणि आपले काही धागे प्रत्यक्ष जुळलेले आहेत. हॉवर्डच्या धर्मशास्त्र शाखेचे अधिष्ठाता बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस भारतात आले असता त्यांनी वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेऊन अहिंसेविषयी व अस्पृश्यतेविषयी चर्चा केली. मेज पुढे अटलांटा येथील मोरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत तेथील 'द मरून टायगर' या विद्यार्थी-नियतकालिकात १९४७ साली शिक्षणाच्या हेतूविषयी एक छोटा लेख आला. तो लिहिणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर करावयाच्या निवेदनाची प्रत मागवली होती आणि ड्यू बॉइस यांनी त्यास उत्तरही दिले होते.

पुढच्या पिढीत हा संबंध साहित्याच्या मार्गाने आला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६० च्या दशकात जी वाङ्मयीन चळवळ आकारास आली, तिच्यात कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा मोठ्या आस्थेने होई. तेथील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाने या विषयाची सविस्तर ओळख मराठी वाचकाला करून दिली. या चर्चेत रिचर्ड राइट व जेम्स बाल्डविन वारंवार येतात, ते योग्यच आहे. परंतु ते ज्या नियतकालिकांच्या परंपरेत लिहीत होते, त्या परंपरेतील विद्यार्थी-पत्रांकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

छापखान्याचे देणे आणि भिंतीवरची बुरशी

१९८९ च्या मार्च महिन्यात हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली. रिपब्लिकन पक्षाचे नेते ली ॲटवॉटर यांची विश्वस्त मंडळावर झालेली नियुक्ती त्यांना मान्य नव्हती. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील त्यांचा प्रचार कृष्णवर्णीयांविषयी भीती पसरवणारा होता, असा आक्षेप होता. ॲटवॉटर यांनी राजीनामा दिला. या आंदोलनातील एक विद्यार्थी-नेता रास बराका हा कवी अमिरी बराका यांचा मुलगा. अमिरी बराका स्वतः १९५० च्या दशकात हॉवर्डचे विद्यार्थी होते.

वृत्तपत्र चालवण्याची दैनंदिन बाजू मात्र इतकी वीररसपूर्ण नसते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'द हिलटॉप' काही काळ दैनिक होते आणि कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील ती अपूर्व बाब मानली गेली. २००८ साली छापखान्याचे देणे थकल्यामुळे छपाई काही दिवस थांबवावी लागली. वृत्तपत्राला कोण बंद पाडू शकतो, या प्रश्नाच्या उत्तरात अध्यक्ष, विश्वस्त आणि काँग्रेस यांच्या जोडीला छापखान्याचा हिशेबनीसही असतो. जाहिराती मिळवणे, बिले भागवणे, परीक्षेच्या आठवड्यात वार्ताहर शोधणे, ही कामे त्या संपादकांनी केली म्हणूनच शंभर वर्षांचा ऐवज उरला. आता विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुने अंक संगणकीकृत केले आहेत. ते चाळताना मोठ्या बातम्यांपेक्षा लहान जाहिराती अधिक वेळ गुंतवून ठेवतात.

२०१८ साली आर्थिक साहाय्याच्या निधीतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर विद्यार्थ्यांनी नऊ दिवस प्रशासकीय इमारतीत ठाण मांडले. त्यानंतरचे आंदोलन ऑक्टोबर २०२१ मधले. विद्यार्थी ब्लॅकबर्न या विद्यार्थी-केंद्रात मुक्कामाला आले आणि महिन्याहून अधिक काळ तेथेच राहिले. अनेकांनी आवारात तंबू ठोकले. त्यांच्या मागण्यांत विश्वस्त मंडळावरील विद्यार्थी-प्रतिनिधित्वाचा प्रश्न होता. आणि त्याच्या जोडीला होता वसतिगृहांचा प्रश्न. खोल्यांच्या भिंतींवर बुरशी आली होती. विद्यार्थ्यांनी तिची छायाचित्रे काढली, ती प्रसिद्ध झाली आणि देशभरातील वृत्तपत्रांना त्यांची दखल घ्यावी लागली. १५ नोव्हेंबर रोजी समझोता झाला.

वसतिगृहातील पाण्यावरचा तो दीड पानांचा लेख प्रस्तुत लेखिकेच्या कपाटात अद्याप आहे. लिहिणारी विद्यार्थिनी पदवी घेऊन गेली. यंदा नियतकालिक समितीच्या पहिल्या बैठकीपूर्वी तिला दूरध्वनी करून लेख छापण्याची परवानगी मागितली. तिने ती दिली, मात्र एक दुरुस्ती करायला सांगितली. लेखात पाणी दिवसाआड येते असे लिहिले होते. आता तेथे राहणारी तिची धाकटी बहीण सांगते की ते तिसऱ्या दिवशी येते.